विसरायच्या आदल्या दिवशी

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, पांढऱ्या जाड कागदाचं ते एक कार्ड आहे. कात्रीनं कापल्यामुळे कडा जराशा तिरक्या. एक कोपरा बोटांच्या मळानं मऊ पडलेला. पुढच्या बाजूला निळ्या शाईत लिहिलं आहे: ‘प्रसूतीनंतर रक्त थांबत नाही. ऑक्सिटोसिन चालू आहे. आता काय, किती, केव्हापर्यंत?’ मागच्या बाजूला उत्तर: ‘ट्रानेक्झामिक ॲसिड. १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत सावकाश. ३ तासांच्या आत.’ शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा. एवढाच त्याचा संसार. धड्याचं नाव नाही, चित्र नाही, रंगीत शाई नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारायची हा त्याचा नेम आहे. दुसरी गोष्ट त्यात कोंबायला गेलं, तर ते कार्ड उरत नाही, वहीचं पान होतं.

कार्ड माझ्या भाचीचं. ती खंडव्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. ते महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं आणि निमाडातल्या मुलांना घराजवळ डॉक्टर होण्याची वाट खुली झाली. सुट्टीला बऱ्हाणपूरला आली की ती बुटांचं एक खोकं माझ्या मांडीवर ठेवते. खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे कप्पे केले आहेत आणि कप्प्यांत ही कार्डं उभी आहेत. ‘मावशी, विचार,’ म्हणते आणि भिंतीला टेकून डोळे मिटते. त्यामुळे कार्डाची माझी ओळख समोरासमोरची आहे. प्रश्न माझ्याकडे, उत्तरही माझ्याकडे, आणि मधली ती शांतता तिची.

त्या शांततेत कार्डाचा स्वभाव कळतो. ते कुठलाही इशारा देत नाही. पुस्तक वाचताना ओळीवरून नजर फिरली की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की ते येतं असंही वाटायला लागतं. वाचलेलं पुन्हा वाचणं, पिवळ्या पेनानं रंगवणं, सुबक नोट्स पुन्हा सुबक उतरवणं, यांत मुलांचे तासन्‌तास जातात आणि मनाला समाधानही मिळतं. कार्ड ते समाधान देत नाही. ते पाठ फिरवून उभं राहतं आणि म्हणतं, तुझ्याजवळ काय आहे ते दाखव. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे विद्यार्थ्यांवर तपासलं. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून पुन्हा पुन्हा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांजवळ साधारण ४० टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांजवळ ६१ टक्के. डॉक्टरला त्याचं ज्ञान पाच मिनिटांनी लागत नाही. ते लागतं वर्षांनी, आणि लागतं तेव्हा जवळ पुस्तक नसतं.

बऱ्हाणपुरात या विशिष्ट कार्डाला वेगळं वजन आहे. १६३१ च्या जूनमध्ये शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे मुक्कामाला होता आणि मुमताज महल इथेच, चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीच्या पलीकडे जैनाबादला, आहुखान्याच्या बागेत, तिचा देह काही महिने पुरलेला होता. मग तो आग्र्याला नेला. ताजमहाल बघायला सारं जग आग्र्याला जातं. पण ज्या मृत्यूसाठी तो बांधला, तो मृत्यू आमच्या गावातला आहे, आणि तो एका बाळंतिणीचा आहे. बादशहाच्या पदरी हकीम होते, दाया होत्या, पैशाला तोटा नव्हता. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार व्हायला मात्र अजून तीनशेहून जास्त वर्षं होती. ते व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये केलं. ट्रानेक्झामिक ॲसिड जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये शोधलं. बाळंतिणींवरच्या त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून यायला २०१७ साल उजाडलं. २१ देश, २०,०६० स्त्रिया. औषध तीन तासांच्या आत दिलं, तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशानं कमी होतात, असं दिसलं. ओकामोतोबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

बाळंतपणात बाई जाण्याच्या कारणांत रक्तस्राव आजही जगभर सर्वांत पुढे आहे. या एवढ्या इतिहासातून, एवढ्या बायांच्या अंगावरून जाऊन जे ज्ञान हाती आलं, ते या कार्डाच्या पाठीवर दीड ओळीत बसलं आहे. ते तिथे नुसतं असून भागत नाही. ज्या रात्री लागेल त्या रात्री ते डॉक्टरच्या डोक्यात हवं. ते डोक्यात ठेवणं हे या कार्डाचं काम.

पाठांतराची आपल्याला कधी वाण नव्हती. दिवेलागणीला परवचा म्हणायची, पाढे, पावकी, निमकी घोकायची. आमच्याच गावातल्या पंडित शिवनाथशास्त्री आयुर्वेद महाविद्यालयातल्या मुलांना वाग्भटाचं अष्टांगहृदय अभ्यासाला असतं, आणि ते पद्यात आहे. श्लोकाला चाल असते, एक चरण पुढच्या चरणाला ओढून आणतो. आधुनिक वैद्यकाला अशी चाल नाही. बारा मेंदू-मज्जातंतू, शेकडो औषधं, त्यांच्या मात्रा, त्यांचे दुष्परिणाम, हे कुठल्याच वृत्तात बसत नाही. पण चालीतही एक धोका असतो. सुरुवात करून दिली तर श्लोक धावतो, मधूनच विचारलं तर अडतो. म्हणून चांगले गुरुजी पाढा सरळ म्हणून घेऊन थांबत नसत. सात नवे किती, तेरा आठे किती, असं उलटसुलट विचारत. कार्ड त्या गुरुजींच्या घराण्यातलं आहे. खोक्यातली कार्डं भाची दर वेळी पिसते, म्हणून मूत्रपिंडानंतर डोळा येतो आणि डोळ्यानंतर क्षयाचं औषध. आजारसुद्धा पहिल्या पानापासून येत नाही. रात्री अडीच वाजता खाटेवर जो येतो, तो मधलाच श्लोक घेऊन येतो.

आता कार्डाची वंशावळ. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळानं किती उरतं ते मोजायचं, असं त्यानं वर्षानुवर्षं केलं. १८८५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. वीस मिनिटांत चाळीस टक्क्यांहून जास्त ओसरतं, एका दिवसानं साधारण एकतृतीयांश उरतं, महिन्यानं पाचवा हिस्सा. हे विस्मरणाचं गणित लोकांना चांगलं माहीत झालं. त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट मात्र मला जास्त मोलाची वाटते: एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत वाटून घेतल्यावर ३८ वेळांत साधलं. कष्ट निम्म्याच्या जवळपास आले, कारण मध्ये अंतर पडलं. पुढे १९७२ मध्ये झेबास्टियान लाइटनर या विज्ञान-पत्रकारानं कार्डांना घर दिलं: कप्प्यांचं खोकं. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, जिथे पाळी उशिरा येते. चुकलं तर थेट पहिल्या कप्प्यात. माझ्या मांडीवरचं बुटांचं खोकं हे त्याच घराचं बऱ्हाणपुरी रूप. पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्यानं १९८७ मध्ये हा हिशेब संगणकावर बसवला. पहिलं अंतर एक दिवसाचं, दुसरं सहा दिवसांचं, त्यापुढे प्रत्येक वेळी साधारण अडीचपट. आणि २००६ मध्ये डेमियन एल्म्स यांनी जपानी शिकण्यासाठी अँकी हे सॉफ्टवेअर केलं, जे आज जगभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये आहे. अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळतं. आमच्यासारख्या गावातल्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही; हजारो रुपयांच्या कोचिंगपुढे हे बिनपैशाचं उभं आहे.

भाचीचीही बहुतेक कार्डं आता फोनमध्ये आहेत. खोक्यात ठेवलीत ती जिवावरची, आणीबाणीची.

वाढत्या अंतराचं मर्म मला शेताकडे बघून समजलं. आमच्या भागात केळी आहे, आणि केळीवाला माणूस ओल्या जमिनीवर पुन्हा पाणी सोडत नाही. मुळं गुदमरतात, पाणीही फुकट जातं. तडा जाईपर्यंत थांबतही नाही. तो वाफसा येण्याची वाट बघतो: माती हातात घेतली तर भुगा व्हावा, पण ओल अजून लागावी. कार्ड मनातला वाफसा बघून येतं. काल पाठ केलेलं आज दहादा विचारलं तर ते ओल्यावर ओतणं झालं. वर्षानं विचारलं तर पीक गेलेलं असतं. जे विसरायला लागलं आहे, पण अजून निसटलेलं नाही, ते आठवताना मनाला थोडं कष्ट पडतात, आणि त्या कष्टानंच मूळ खोल जातं. म्हणून कार्ड ज्या दिवशी येतं तो त्याच्या दृष्टीनं विसरण्याच्या आदला दिवस असतो.

आमच्या जिल्ह्याला कागद नवा नाही. नेपानगरच्या गिरणीनं देशात पहिल्यांदा वर्तमानपत्राचा कागद काढला, सालई आणि बांबूपासून, आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. तो कागद सकाळी लाखमोलाचा असतो आणि संध्याकाळी रद्दी होतो. कार्डाचं वय उलट्या दिशेनं चालतं. पहिल्या दिवशी त्याला काहीच किंमत नसते, कारण कालच लिहिलेलं कोणालाही आठवतं. सहा महिन्यांनी त्याच्याकडे बघून जेव्हा उत्तर तोंडात येतं, तेव्हा ते कार्ड कमावतं होतं.

ते कमावतं व्हायचं तर एक अट आहे, आणि ती कार्डाच्या हातात नाही. समोरच्यानं रोज यायला हवं. फोनवर दर सकाळी आकडा दिसतो, मुलं त्याला ‘ड्यू’ म्हणतात. आज जितकी ड्यू तितकी आज. दोन दिवस टाळलं तर तिसऱ्या दिवशी आकडा बघूनच छातीत धडकी भरते, आणि अनेक मुलं तिथेच सोडून देतात. भाचीनं यावर दोन उपाय धरले. एक म्हणजे नवी कार्डं कमी घालायची. आज घातलेलं प्रत्येक नवं कार्ड पुढच्या महिन्यात तीन-चारदा दारात येणार असतं, हे हौसेच्या भरात कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षेच्या धाकानं एका रात्रीत ढीगभर कार्डं घालणारे पुढच्याच पंधरवड्यात बुडतात. दुसरा उपाय म्हणजे वेळ शोधायची नाही, असलेल्या कामाला कार्डं बांधायची. सकाळचा चहा आणि कार्डं. खंडव्याची गाडी आणि कार्डं. चहा चुकत नाही, म्हणून कार्डंही चुकत नाहीत. कंटाळा आलेल्या दिवशी ती म्हणते, पाच तरी. पाच झाली की बहुतेक वेळा पुढची होतात, आणि नाही झाली तरी त्या दिवशी दार उघडलेलं असतं. निश्चयाच्या बळावर वैद्यकाची साडेपाच वर्षं निघत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. ती निघतात अशा बारक्या खुंट्यांवर.

याहून कठीण अट प्रामाणिकपणाची. उत्तर पाहिल्यावर फोनवर चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. कोणी बघत नसतं. अर्धवट आलं, उत्तर पाहून ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं वाटलं, तरी गुड दाबता येतं, आणि कार्ड मुकाट्यानं महिनाभरासाठी निघून जातं. ते भांडत नाही. माणूस जे सांगेल त्यावर विश्वास ठेवतं. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्याचं सर्वांत दुबळं अंगही हेच. परीक्षेत चुकलं तर परीक्षक लाल रेघ मारतो. इथे रेघ आपली आपणच मारायची. मला वाटतं, डॉक्टर होऊ घातलेल्या मुलासाठी या कार्डातलं खरं शिक्षण इथे आहे: मला हे माहीत नाही, असं एकांतात, रोज, स्वतःशी मान्य करायचं. ज्याला ते एकांतात जमतं, त्यालाच पुढे रुग्णाच्या नातेवाइकांसमोर ‘थांबा, मी वरिष्ठांना विचारतो’ असं म्हणता येईल.

परीक्षेला याचा उपयोग होतो का, हे लोक हटकून विचारतात. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात दर १,७०० वेगळ्या कार्डांमागे परवाना परीक्षेत साधारण एक गुण जास्त दिसला. एका गुणासाठी सतराशे कार्डं! केवळ गुणांचा सौदा म्हणून पाहिलं तर तो महाग आहे. नीट-पीजीत एकेक गुणावर शाखा बदलते, हे मला माहीत आहे, आणि मुलांवरचा तो ताण मी घरात पाहते. तरी कार्डाची किंमत तिथे मोजू नये. परीक्षा नेहमीचं विचारते. कार्ड राखतं ते क्वचितचं.

याचं उदाहरण म्हणजे खोक्यातलं मण्याराचं कार्ड. ‘पावसाळा. जमिनीवर झोपलेला माणूस. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटताहेत, अंगावर जखम दिसत नाही.’ मागे: ‘मण्यार. दंश दुखत नाही, सुजत नाही. प्रतिसर्पविष द्या, श्वासावर लक्ष, कृत्रिम श्वासाची तयारी.’ सातपुड्याच्या पायथ्याला, खकनारसारख्या गावी बसलेल्या एकट्या डॉक्टरसमोर असा रुग्ण महिनोन्‌महिने येणार नाही. आणि एका पहाटे येईल. पोटदुखीची गोळी देऊन घरी पाठवला तर तो दुपारपर्यंत श्वास थांबून जाऊ शकतो. रोज जे दिसतं ते हातांना आपोआप पाठ होतं, ताप, जुलाब, रक्तदाब. क्वचित दिसणारं राखायला अनुभव पुरत नाही, कारण अनुभव येतच नाही. मधल्या त्या रिकाम्या महिन्यांत कार्ड ठरल्या दिवशी येत राहतं आणि त्या रुग्णाची जागा धरून ठेवतं.

सिकलसेलचं कार्डही आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, एवढाच बदल, आणि तांबड्या पेशीचा कोयता होतो. १ जुलै २०२३ रोजी आमच्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, कारण हा आजार आदिवासी पट्ट्यात जास्त आढळतो. पण या कार्डापाशी भाची एकदा थांबली आणि म्हणाली, ‘सहावी जागा सांगता येते गं, पण पोर रात्रभर हाडं दुखून रडतं तेव्हा आईला काय सांगायचं, हे नाही येत कार्डावर.’ तिचं बरोबर आहे. कार्डाला सीमा आहेत, आणि त्या ओलांडायला लावणं अन्याय आहे. न समजलेली गोष्ट कार्डावर घातली तर न समजलेलीच पाठ होते. आधी धडा समजायचा, मग कार्ड. पोटावर हात कसा ठेवायचा, किती दाबायचं, हे ते शिकवू शकत नाही. दुसऱ्यांनी केलेले तयार डेक फोनवर मिळतात, हजारो कार्डांचे, मेहनतीनं केलेले. ते घ्यावेत. पण त्यांत अमेरिकेतले आजार अमेरिकेतल्या प्रमाणात असतात, मण्यार नसतो, केळीवरचं आणि कपाशीवरचं औषध प्यालेला माणूस क्वचित भेटतो. तो आपला आपण लिहावा लागतो.

तो तिनं लिहिला, कॅज्युअल्टीची पोस्टिंग झाल्यावर. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाला ॲट्रोपिन कधीपर्यंत द्यायचं, हे कार्ड तिच्याकडे आधीपासून होतं: छातीतली खरखर थांबेपर्यंत, नाडी आणि रक्तदाब जागेवर येईपर्यंत, केवळ बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही. वॉर्डात उभी राहिल्यावर तिला पुढचा प्रश्न पडला, जो पुस्तक वाचताना पडला नव्हता. ॲट्रोपिन जास्त झालं हे कसं ओळखायचं? तिनं त्याचं नवं कार्ड कापलं. मागे तीन खुणा: भ्रम, ताप, आतड्यांचा आवाज बंद.

परवा ते माझ्या हातात पहिल्यांदा आलं. मी विचारलं. तिनं भ्रम सांगितला, ताप सांगितला, मग डोळे मिटून बराच वेळ बसली आणि शेवटी म्हणाली, ‘दाखव.’ मी कार्ड उलटं केलं आणि ते पुढच्या कप्प्यात ठेवायला लागले.

‘तिथे नको, मावशी. पहिल्यात टाक.’

‘अगं, तिनातली दोन आली की.’

‘तिसरं राहिलं ना. पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचं मी तिथे विसरले असते. उद्या सकाळी चहाला हेच आधी विचार.’